दोन शाळांची एक दुपार

२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तू पाठवलेली भिंगं पोचली. एकही फुटलं नाही. पहिलीच्या मुलांनी त्यातून सगळ्यात आधी एकमेकांचे डोळे पाहिले आणि इतकी हसली, की काय झालं म्हणून हेडमास्तर उठून आले. मग त्यांनीही एक भिंग घेऊन स्वतःचा अंगठा पाहिला. बराच वेळ पाहत राहिले.

शाळा कशी आहे असं विचारलंस. लांबट व्हरांडा आहे, त्याला लागून चार खोल्या. वर्ग सात, म्हणून एका खोलीत दोन वर्ग एकमेकांकडे पाठ करून बसतात. मी सातवीला काही सांगू लागले की तिसरीची मुलं हळूच मान वळवून ऐकतात, आणि मला ते कळतं हे त्यांनाही कळतं. विज्ञानाची खोली नाही. विज्ञानाचं कपाट आहे, त्याची किल्ली मी यायच्या आधीच हरवलेली. काचेतून आत एक तराजू दिसतो आणि दोन चंचुपात्रं. मुलं रोज त्यांना नमस्कार करायची तेवढी बाकी आहेत.

जेवणाच्या सुट्टीनंतर इथं अशी काही शांतता पसरते की आपण जागे आहोत की नाही, हे चिमटा काढून बघावं. ऊन पायऱ्यांवर येऊन बसतं. तशा वेळी मी सातवीला पृथ्वीचा आकार शिकवत होते. पृथ्वी गोल आहे, तिचा परीघ सुमारे चाळीस हजार किलोमीटर आहे. सगळ्यांनी लिहून घेतलं. मुंगी मात्र लिहीना. मुंगी म्हणजे इथल्या शिंप्याची नात. अंगानं एवढीशी, पण सदा काहीतरी डोक्यावर वाहून नेत असते, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. ती म्हणाली, “बाई, पुस्तकाला कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, शास्त्रज्ञांनी मोजलं. ती म्हणाली, “मग आपण पण मोजू.”

वहिनी, मी “हो” म्हणून बसले. आता तूच सोडव. वीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवतेस, पृथ्वी कशी मोजतात ते तुला ठाऊक असणारच.

दादाला सांग, मी वेळेवर जेवते.

तुझी नणंद

—

८ नोव्हेंबर

वन्संबाई,

“हो” म्हणून बसायची तुझी जुनी खोड आहे. लहानपणी तू शेजारणीला चंद्र दाखवायला गच्चीवर नेलंस आणि दोघी तिथंच झोपलात, ही गोष्ट तुझा भाऊ लग्नाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत होता. पण यावेळी तुझं “हो” कामाचं आहे.

नकाशा काढून पाहिला. तुझं गाव माझ्या गावाच्या अगदी सरळ वर आहे, पट्टी लावावी इतकं. मध्ये तीनशेतीस किलोमीटर. आता असं कर. सरळ काठी जमिनीत अशी उभी रोव, की वर बरोबर एक मीटर राहील. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा धर, म्हणजे काठी कलली तर कळेल. दुपारी सावली आखडत जाते, मग एका क्षणी सगळ्यात आखूड होते आणि पुन्हा वाढायला लागते. ती सगळ्यात आखूड सावली मोजायची. तू तिकडे, मी इकडे, एकाच दिवशी.

पृथ्वी टेबलासारखी सपाट असेल तर दोन्हीकडची सावली सारखी येईल. गोल असेल तर माझी काठी आणि तुझी काठी एकमेकींशी जरा कललेल्या असणार, मग सावल्या वेगळ्या पडतील. किती वेगळ्या, त्यावरून परीघ काढता येतो. तो हिशेब मी करीन.

१८ नोव्हेंबर धरू. माझ्याकडे दहावीचा वर्ग मोजेल. त्यांना मी कारण सांगणार नाही. सांगितलं की पोरं उत्तर आधी ठरवतात आणि मग काठी रोवतात. तुझ्या पिल्लांना तू हवं ते सांग.

तुझी वहिनी

—

१९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

काल झालं. मी अजून त्यातून बाहेर आलेले नाही, म्हणून अक्षर वाकडं येतंय.

काठी म्हणजे झाडूचा जुना दांडा, रोवल्यावर वर बरोबर एक मीटर राहील असा सुताराकडून कापून आणलेला. ओळंब्याचा दोरा मुंगीनं दुकानातून आणला, पांढरा, पक्का, खाली मोठं बटण बांधलेला. मोजायला आजोबांचा टेपही तिनंच आणला. आजोबांना म्हणाली होती, पृथ्वीचं माप घ्यायचंय. ते म्हणाले, “घे. पण दोन बोटं जास्त धर, पृथ्वी वाढत्या अंगाची असेल.”

सावलीच्या टोकाशी आम्ही एकेक खडा ठेवत गेलो. खडे काठीकडे सरकत चालले. आधी मुलं बडबडत होती. मग हळूहळू सगळ्यांचे आवाज मावळले. तिसरीची मुलं परवानगी न घेता बाहेर येऊन उभी राहिली, हेडमास्तरही दारात आले. आणि मग वहिनी, सावली थांबली. पुस्तकात असं कुठं लिहिलेलं नसतं. एक खडा ठेवला, दुसरा ठेवायला गेलो तर तो पहिल्यालाच टेकला. सगळं आवार एखाद्या चित्रात असतं तसं गप्प होतं. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, तोही पाय टेकून पाहत राहिला. मला वाटलं, पृथ्वी फिरायची थांबली आहे आणि आपण जरा श्वास घेतला तर पुन्हा सुरू होईल.

मुंगी गुडघ्यांवर बसून वाचत होती. तिनं दोनदा वाचलं, मग दुसऱ्या मुलीला वाचायला लावलं. अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर.

तुमचं किती आलं ते लवकर कळव. मुंगी आज सकाळीच पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहिली आणि मला येऊन म्हणाली, “अजून नाही.”

तुझी नणंद

—

२८ नोव्हेंबर

वन्सं,

पत्र फार सुंदर. मी दहावीच्या वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. तो सायकलवाला सगळ्यांना आवडला.

त्यानंतर दोन दिवसांनी प्रात्यक्षिकाच्या वह्या गोळा केल्या. आता हसू नकोस. आमचंही अठ्ठ्याहत्तर. एकाचं नाही, साऱ्या वर्गाचं. म्हणजे पृथ्वी सपाट आहे. तुझा भाऊ म्हणाला, बरं झालं, आता कडेला जाऊन खाली डोकावू.

गंमत सोड. कुणाचं तरी चुकलं आहे. माझी मुलं चार वर्षं प्रयोगशाळेत काम करतात, जिल्ह्यात पहिली येणारी आहेत, आणि सगळ्यांचं एकच उत्तर आलं आहे. तुझी काठी कलली असणार. बटणाचा ओळंबा वाऱ्यानं हलतो. टेपही कापडी, तो ताणला की वाढतो. वाईट वाटून घेऊ नको, आणि नाचता येईना अंगण वाकडं असंही म्हणू नको. पहिल्या खेपेला असं होतंच. मुलांना सांग, मोजताना जरा जपून. पुढं कधीतरी पुन्हा करू.

वहिनी

—

१२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. मुलांना सांगितलं.

थंडी पडली आहे. कपाटाची किल्ली सापडली, हेडमास्तरांच्या जुन्या कोटात होती. तराजूचं एक पारडं गंजलं आहे. सहामाही परीक्षा जवळ आली, म्हणून जास्त लिहीत नाही. दादाला नमस्कार.

तुझी नणंद

—

१९ डिसेंबर

वन्संबाई,

तुला दहा ओळीत आटोपता येतं हे मला आजच कळलं. किल्ली आणि पारडं आणि थंडी. तुझा भाऊ म्हणाला, हिला काहीतरी झालंय, ही गप्प बसते तेव्हा रडलेली असते. काय झालं ते सांग. नाही सांगितलंस तर मी रात्रीच्या गाडीत बसेन आणि तिथं येऊन तुझ्या हेडमास्तरांना विचारीन.

वहिनी

—

२७ डिसेंबर

प्रिय वहिनी,

येऊ नकोस, सांगते. तुला दोष द्यायचा नव्हता म्हणून लिहिलं नव्हतं.

मुंगी शाळेत येत नाही. तुझं पत्र मी वर्गात सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तिनं काठी उपटून, माती झटकून कोपऱ्यात ठेवली आणि घरी गेली.

काल मी वर्गाच्या खिडकीचा पडदा शिवायचं निमित्त करून दुकानात गेले. एवढंसं दुकान, दाराशी मशीन, भिंतीवर कापडांच्या चिंध्यांची गाठोडी. मुंगी आत खाली बसून काजं करत होती. तिनं माझ्याकडे पाहून मान खाली घातली. आजोबांनी पडद्याचं माप घेतलं. टेपवरचा आकडा तिला वाचायला सांगितला, कारण त्यांना आता बारीक दिसत नाही. सुईत दोराही तीच ओवते.

मी म्हटलं, “टेलरकाका, हिला शाळेत पाठवा. पुढं आठवीला नदीपलीकडच्या हायस्कूलला जायचंय.”

ते म्हणाले, “बाई, मी पण तेच म्हणत होतो. माझं काय, दोन वर्षं अजून कसंबसं निभावलं असतं. पण पोरीनं एवढं तोंड वर करून सांगितलं, पृथ्वीचं माप घेते म्हणून, आणि माझ्या टेपनं चुकीचं घेतलं. ज्याला माप येत नाही त्यानं दुसऱ्याचं कापड कशाला बिघडवावं? इथं बसेल, माझ्या डोळ्यासमोर शिकेल.”

रागानं नाही बोलले गं. उलट मला खुर्ची पुसून दिली. त्यांचंही खरं आहे, त्यांना हात हवा आहे, डोळे हवे आहेत. पण मुंगीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला विसरता येत नाही. तिला चुकल्याचं दुःख नव्हतं. ती ओणवी होऊन त्या सावलीजवळ बसली होती ना, ते सगळं खोटं होतं असं तिला वाटायला लागलं आहे. आणि खरं सांगू, मलाही. दुपारी मी आवारात बघते तर नुसतं ऊन असतं.

तुझी नणंद

—

६ जानेवारी

माझ्या लाडक्या वन्सं,

आधी मला तुझी माफी मागू दे, मग बाकीचं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वर्गात गेले आणि धडा न उघडता मुलांना मुंगीची गोष्ट सांगितली. म्हटलं, बघा, एक सावली चुकीची मोजली गेली आणि एक मुलगी काजं करत बसली. म्हणून मोजताना काळजी घ्यायची. मला वाटलं, छान बोधपर बोलले. मागच्या बाकावर दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. मग वर्गाचा मॉनिटर उभा राहिला, फार सरळ पोरगा आहे.

“बाई, आमचं सत्तरच्या जवळ आलं होतं.”

“कधी?”

“त्याच दिवशी. मग तुम्ही पत्र वाचलंत, त्यात अठ्ठ्याहत्तर होतं. मग आम्ही जुळवून घेतलं.”

“अरे, पण का?”

“बाई, वेगळं आलं की चुकतं ना.”

त्याच्या चेहऱ्यावर काहीही गुन्हा केल्याचा भाव नव्हता. आणि असेल कसा? लंबकाचा प्रयोग करताना मीच ओरडत असते, उत्तर जुळलं नाही तर परीक्षेला मार्क जातील, जुळेपर्यंत सोडू नका. दर वर्षी वरच्या वर्गाच्या वह्या खालच्या वर्गाकडे जातात हे मला ठाऊक नाही असं थोडंच आहे. सगळ्या शाळांत चालतं, म्हणून आमच्यातही चालतं. सगळ्या वर्गाचं एकच उत्तर आलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चाळीस पोरांचे चाळीस हात, एकाचाही अर्धा सेंटीमीटर इकडचा तिकडं नाही? पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं झालं माझं. मी तुझ्या बटणाला नावं ठेवली.

मुंगीचं बरोबर होतं. तिचं एकटीचंच बरोबर होतं.

आता ऐक. तो दिवस गेला, तो परत आणता येणार नाही असं वाटून मी रात्रभर तळमळले. पण सकाळी पंचांग न बघता नुसता विचार केला तेव्हा लक्षात आलं. डिसेंबरात सूर्य एका टोकाला जातो आणि तिथून मागे फिरतो. जाताना ज्या जागेवरून गेला, येताना त्याच जागेवरून येतो. १८ नोव्हेंबरला जी सावली पडली होती तीच सावली जानेवारीच्या २४ तारखेला पुन्हा पडेल, तुझ्याकडे तुझी, माझ्याकडे माझी. आभाळ मोकळं असलं म्हणजे झालं.

यावेळी मोजलेलं माप पाकिटात बंद करायचं. तुमचं आम्हाला नाही, आमचं तुम्हाला नाही. सोबत एक पत्र टेलरकाकांसाठी आहे, ते त्यांना दे.

तुझी वहिनी

—

६ जानेवारी

टेलरकाकांना नमस्कार,

आपली ओळख नाही. मी तुमच्या गावच्या शाळेतल्या बाईंची वहिनी, इथं हायस्कूलला शिकवते. तुमच्या नातीनं चुकीचं माप घेतलं असं मी कळवलं होतं. ते मी चुकीचं कळवलं. तिचं माप बरोबर होतं.

तुम्हाला तुमच्या धंद्याच्या भाषेत सांगते. समजा दोन गिऱ्हाइकं आली, एक उंच, एक बुटकं. एका कारागिरानं उंचाचं माप नीट घेतलं. दुसऱ्यानं बुटक्याचंही नीटच घेतलं होतं, पण पहिल्याचा आकडा कानावर पडल्यावर आपलं खोडून तोच लिहिला. दोन्ही कपडे सारखे बेतले गेले. मग मालकिणीनं पहिल्याला बोल लावला. ती मालकीण मी. कापड वाया गेलं ते आमच्याकडे.

२४ जानेवारीला पुन्हा मोजणार आहोत. त्या दिवसापुरती तरी तिला पाठवा. तुमचा टेपही द्या. तुमच्या हाताखाली तिनं काम करू नये असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. फक्त माप येत नाही म्हणून तिनं तिथं बसू नये, एवढीच विनंती.

आपली,
बाईंची वहिनी

—

२५ जानेवारी

प्रिय वहिनी,

तीन दिवस ढग होते. मी देवाला नवस बोलायचीच बाकी होते. काल पहाटे धुकं, नऊला धुकं, दहालाही आवार दुधात बुडाल्यासारखं. समोरचं फाटक दिसत नव्हतं. मुलं काठीभोवती गोल करून उभी होती आणि काठीला सावलीच नव्हती. पहिलीतला एक म्हणाला, “बाई, सावली रजेवर आहे.”

मग त्या धुक्यातून टेलरकाका आले. पुढं मुंगी, तिच्या खांद्यावर त्यांचा हात. इतक्या वर्षांत दुकान दुपारचं बंद ठेवलेलं गावानं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “काका, तुम्ही?” ते म्हणाले, “टेप माझा आहे. तो खोटा पडतो का ते बघायचं होतं.”

साडेअकराला ऊन आलं. एकदम नाही. आधी जमीन थोडी पिवळी झाली, मग काठीच्या पायाशी काहीतरी करडं हललं, आणि मग कुणी ओढत आणावी तशी सावली बाहेर आली. खडे सरकू लागले. टेलरकाकांना खडे दिसत नव्हते, ते मुलांच्या तोंडाकडे पाहत होते. सावली थांबली तेव्हा त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मुंगीनं वाचलं, पण आकडा मोठ्यानं सांगितला नाही. कागदावर लिहून पाकिटात घातला. काकांनी दुसऱ्या पोराला टेप धरायला लावून त्याच्या कानात विचारलं, मग तिसऱ्याच्या. दोघांनी त्यांच्या कानात सांगितलं. मग त्यांनी मुंगीला जवळ घेतलं, टेप गुंडाळला आणि म्हणाले, “आता वर्गात बस. संध्याकाळी ये दुकानात.”

मी वर्गात फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभी होते. मुलांना वाटलं मी काहीतरी लिहिणार आहे.

पाकीट सोबत आहे. मी उघडलेलं नाही.

तुझी नणंद

—

३ फेब्रुवारी

वन्सं,

पाकीट वर्गात फोडलं. मॉनिटरच्या हातून फोडवलं. अठ्ठ्याहत्तर. नोव्हेंबरात होतं तेच, केसभर इकडं नाही तिकडं नाही. पोरांनी बाकं वाजवली. मग आमचं पाकीट. साडेसत्तर.

पृथ्वी गोल आहे, वन्सं. मला हे पन्नाशीच्या जवळ आल्यावर पहिल्यांदा कळलं. आतापर्यंत मी नुसतं शिकवत होते.

हिशेब फळ्यावर मांडला. परीघ आला जवळजवळ त्रेचाळीस हजार. पुस्तकातल्या पृथ्वीपेक्षा आमची जरा लठ्ठ निघाली. टेलरकाकांना सांग, त्यांची दोन बोटं उपयोगी पडली. एक हुशार मुलगी आकडेमोड करून म्हणाली, “बाई, आमच्यातलं ते अर्धं सोडलं, सत्तरच धरलं, तर पुस्तकाशी अगदी बरोब्बर जुळतं.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॉनिटर म्हणाला, “नको. अर्धं आलंय.” कुणी हसलं नाही. वह्यांत सगळ्यांनी साडेसत्तर लिहिलं, आणि खाली ‘असं का आलं असेल’ यावर अर्धं पान.

परीक्षेच्या प्रात्यक्षिकाला यामुळे कुणाचा एखादा मार्क गेलाच तर पालक माझ्या दारात येतील. येऊ देत. चहा करीन.

मुंगीचं आठवीचं काय?

तुझी वहिनी

—

१७ एप्रिल

प्रिय वहिनी,

मुंगी रोज शाळेत येते आणि रोज संध्याकाळी दुकानात बसते. सातवीची परीक्षा छान गेली. पण आठवीचं विचारलं की टेलरकाका म्हणतात, “बघू.” तीन वेळा गेले, तीन वेळा “बघू.” हायस्कूलमध्ये नावं घालायची मुदत जूनपर्यंत आहे.

त्यांच्यावर जोर करायला माझी जीभ रेटत नाही. परवा त्यांनी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली. मुंगीनं ती गुपचूप उसवून पुन्हा जोडली. त्यांना कळलं होतं, पण कळलं नाही असं दाखवत मशीन चालवत राहिले. वहिनी, मी जे मागते आहे ते किती मोठं मागते आहे हे मला त्या दिवशी समजलं. तरी मागणं सोडवत नाही.

सुट्टीत येते. दादाला स्टेशनवर पाठव.

तुझी नणंद

—

११ जून

हायस्कूलच्या बाईंना नमस्कार.

मी मुंगी. बाईंनी सांगितलं की तुम्हाला मी स्वतः पत्र लिहावं. चुका झाल्या तर माफ करा.

तुम्ही आजोबांना जे पत्र पाठवलं होतं ते मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते मशीनच्या खणात ठेवलं आणि पुन्हा दोनदा वाचायला लावलं. तुम्ही त्यात तुमच्या मुलांवर रागावल्यासारखं लिहिलं होतं. मला तुम्हाला एक सांगायचं आहे. तुम्ही त्यांना रागावू नका. त्यांचं बरोबर आलेलं होतं, तरी आमचा आकडा ऐकून त्यांनी आपला खोडला. म्हणजे त्यांना आमचंच बरोबर वाटलं. ती दहावीची मुलं, त्यांची प्रयोगशाळा आहे, आणि आम्ही झाडूचा दांडा लावलेली. आमचं ऐकून कुणी आपलं खोडलं असं आमच्या शाळेत आधी कधीच झालं नव्हतं. मला ते कळल्यापासून खूप बरं वाटतं.

हे मी आजोबांना मे महिन्यात सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, मग तुझ्या आकड्यावर लोक कापड बेतणार, तर तो नीट शिकून घे.

पण नंतर पुन्हा काही बोलले नाहीत, म्हणून मी विचारलं नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांचा मुलगा नदीपलीकडून हायस्कूलचा फॉर्म घेऊन आला, आजोबांनीच त्याला पाठवलं होतं. सही त्यांनी चाचपून केली. सुईत दोरा ओवायला मी सकाळी शाळेत जायच्या आधी दहा सुया भरून ठेवायच्या, असं ठरलं आहे. उशीत खोचून ठेवते.

शाळा सोमवारी सुरू होते. गणवेश आजोबांनी स्वतः शिवला. माप घेताना आकडे मी वाचले, पण कापायच्या वेळी त्यांनी ते ऐकले नाहीत. घालून बघितला तर बाह्या बोटांच्या खाली येतात आणि खांदे उतरतात. मी म्हटलं, आजोबा, हा फार मोठा झाला. ते म्हणाले, दहावीपर्यंत पुरायला हवा.

आपली,
मुंगी